हातोडा, हप्ता आणि जमीन

‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था जिमी कार्टर यांनी काढली, असा समज अमेरिकेतही पुष्कळांचा असतो. डोक्याला हेल्मेट, कमरेला खिळ्यांची पिशवी आणि हातात हातोडा घेतलेला माजी राष्ट्राध्यक्ष इतक्या वर्षांत इतक्या छायाचित्रांत दिसला, की तसे वाटणे साहजिकच आहे. प्रत्यक्षात कार्टर पहिल्यांदा या कामावर राबले ते १९८४ साली. तोवर संस्थेला आठ वर्षे झाली होती, आणि तिच्यामागची कल्पना त्याहूनही जुनी होती. ती जन्मली कार्टर यांच्या प्लेन्स या गावापासून फार दूर नसलेल्या एका शेतावर. गोरे शेजारी त्या शेतावर बहिष्कार टाकून बसले होते.

जॉर्जिया राज्याच्या नैऋत्येला अमेरिकस नावाचे छोटे शहर आहे. त्याच्या जवळ १९४२ साली क्लॅरन्स जॉर्डन आणि फ्लॉरेन्स जॉर्डन यांनी आणखी एका मिशनरी दांपत्याला बरोबर घेऊन ‘कॉइनोनिया फार्म’ सुरू केले. क्लॅरन्स शेतकीचे पदवीधर होते आणि नव्या कराराच्या ग्रीक भाषेत त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. शेतावर काळे-गोरे एकत्र राबत, एका पंगतीत जेवत आणि मिळकत सामाईक ठेवत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या त्या भागात, त्या काळात, एवढे कारण पुरेसे होते. १९५६च्या सुमारास रोष उसळला. रस्त्याकडेचे विक्रीकेंद्र सुरुंगाने उडवले गेले, घरांवर गोळ्या झाडल्या गेल्या, विमा कंपन्यांनी अंग काढून घेतले, व्यापारी बी-बियाणे आणि खत विकेनात. तेव्हा या मंडळींनी शेतातले पिकान अक्रोड टपालाने देशभर विकायला सुरुवात केली आणि त्यावर तग धरला.

मिलर्ड फुलर यांची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. अलाबामातला हा वकील पाककृतींची पुस्तके, पायपुसणी, ट्रॅक्टरवर बसायच्या गाद्या असे हाताला येईल ते टपालाने विकत असे. तिशी गाठण्याआधीच तो लक्षाधीश झाला. पैसा आला तसा संसार विस्कटला. १९६५ साली पत्नी लिंडा सोडून जायला निघाली, तेव्हा दोघांनी मिळून सगळी संपत्ती दान करून टाकायचे ठरवले. त्याच वर्षअखेरीस ते एका मित्राला भेटायला म्हणून कॉइनोनियात थोडा वेळ थांबले आणि महिनाभर राहिले. १९६८ साली फुलर तिथे परतले, तेव्हा शेताची अवस्था बिकट होती आणि आजूबाजूची काळी कुटुंबे लाकडी खोपटांत दिवस काढत होती. जॉर्डन आणि फुलर या जोडीने शेताच्या कडेला अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखले. पहिले घर पुरे होत असतानाच, ऑक्टोबर १९६९मध्ये, जॉर्डन हृदयविकाराने गेले.

त्या दोघांनी मांडलेली योजना वरवर साधी दिसते. घर दान द्यायचे नाही. ते खर्चाच्या किमतीला विकायचे, नफा घ्यायचा नाही आणि व्याजही घ्यायचे नाही. घर घेणाऱ्या कुटुंबाने बांधकामावर स्वतः राबायचे. त्यांचे मासिक हप्ते ‘मानवता निधी’ अशा अर्थाच्या एका गंगाजळीत जमा व्हायचे आणि त्यातून पुढचे घर उभे राहायचे. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज आकारू नये, ही बायबलमधली आज्ञा फुलर अक्षरशः घेत. त्यांचे आर्थिक विचार अर्थशास्त्रज्ञांना भाबडे वाटले असतील, पण माल विकणे म्हणजे काय हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. त्यांनी ही कल्पनाही तितक्याच हुशारीने विकली.

या योजनेतला खरा चमत्कार हातोड्यात नाही, हप्त्यात आहे. आपल्याकडचे आकडे धरून पाहिले तर हे चटकन कळते. दहा लाखांचे गृहकर्ज नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता साधारण ९,००० रुपये येतो आणि वीस वर्षांत एकंदर २१ लाख ६० हजारांच्या आसपास रक्कम फेडावी लागते. व्याज काढून टाकले, तर हप्ता ४,१६७ रुपयांवर येतो. घर तेवढेच, विटा-सिमेंट तेवढेच, हप्ता मात्र निम्म्याहून कमी. बांधकामाच्या खर्चात मजुरीचा वाटा पाव-तिसरा भाग धरला आणि ती सगळी मजुरी फुकट मिळाली असे मानले, तरी एवढी सवलत निघत नाही. स्वयंसेवकांचे घामाघूम फोटो छापले जातात. व्याज न घेण्याचा फोटो काढता येत नाही, त्यामुळे त्याची चर्चाही होत नाही.

अर्थात बिनव्याजी पैसा फुकटात येत नाही. वर्षाला सहा टक्के महागाई धरली, तर वीस वर्षांत परत आलेल्या त्या दहा लाखांचे आजचे मोल सहा लाखांपेक्षा थोडे कमीच भरते. म्हणजे एका घराच्या हप्त्यांतून पुढचे एक घर उभे राहते, हे बोलायला सोपे आहे. प्रत्यक्षात अर्ध्याहून थोडे अधिक घर उभे राहते आणि उरलेल्यासाठी कुणाला तरी दरवेळी नव्याने देणगी मागावी लागते. गंगाजळी आपोआप फिरत राहत नाही. तिच्यात सतत पाणी ओतावे लागते. आज अमेरिकेतल्या हॅबिटॅटच्या शाखा सरसकट बिनव्याजी कर्ज देतातच असे नाही. बऱ्याच ठिकाणी हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांवर जाऊ नये, हा निकष पाळला जातो.

कॉइनोनियातला प्रयोग जमल्यावर फुलर कुटुंब १९७३ साली झाइरमध्ये, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात गेले. तिथे म्बांडाका शहरात वाळू-सिमेंटचे ठोकळे पाडणारा छोटा कारखाना चालवत त्यांनी त्याच पद्धतीने वस्ती उभारायला घेतली. १९७६ साली परतल्यावर हॅबिटॅटची रीतसर स्थापना झाली. सुरुवातीची काही वर्षे ती ओळखीपाळखीच्या चर्चमंडळींपुरतीच राहिली.

मग कार्टर आले. राष्ट्राध्यक्षपद सोडताना कर्मचाऱ्यांनी त्यांना सुतारकामाची हत्यारे भेट दिली होती, आणि तो गृहस्थ खरोखरच चांगला सुतार होता. सप्टेंबर १९८४मध्ये जॉर्जियाहून स्वयंसेवकांनी भरलेली एक बस न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात गेली. तीत कार्टर पती-पत्नीही होते. सहा मजल्यांची जळकी-पडकी इमारत साफ करून तिथे १९ कुटुंबांसाठी घरे करायची होती. देशाचा माजी प्रमुख कचरा उपसतो आहे, ही बातमी कोणते वर्तमानपत्र सोडेल? तिथून पुढे साडेतीन दशके कार्टर दरवर्षी एक आठवडा या कामाला देत राहिले. १४ देशांत, एक लाखाहून अधिक स्वयंसेवकांबरोबर, चार हजारांहून अधिक घरांच्या बांधणी-दुरुस्तीत त्यांचा हात लागला. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, घरात पडून कपाळाला टाके पडलेले असतानाही ते नॅशव्हिलमधल्या कामावर हजर होते.

या वार्षिक आठवड्यांपैकी एक महाराष्ट्रात झाला. ऑक्टोबर २००६च्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवलीला १०० घरे बांधायला सुमारे दोन हजार स्वयंसेवक जमले. हॅबिटॅटचे भारतातले काम १९८३ साली आंध्र प्रदेशातल्या, आता तेलंगणात गेलेल्या, खम्मम इथे सुरू झाले होते, पण मराठी वृत्तपत्रांना तिची खरी ओळख झाली ती मळवलीत. त्याच सुमारास ब्रॅड पिट पुण्यात होता. तोही विटा उचलायला आला आणि बातमीदारांची निम्मी गर्दी तिकडे वळली. ब्याऐंशी वर्षांच्या कार्टर यांचे मुंबई परिसराशी नाते मात्र त्याहून जुने होते. त्यांची आई लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ‘पीस कोअर’ची स्वयंसेवक म्हणून भारतात आली होती आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिकेचे काम करत होती. मुलगा राष्ट्राध्यक्ष होण्याआधीची ही गोष्ट आहे. घरादारापासून हजारो मैलांवर जाऊन फुकट राबायचे खूळ त्या घराण्यात आईकडूनच आले असावे.

मळवलीच्या निमित्ताने एक अवघड प्रश्न विचारायला हवा. अमेरिकेत गवंडी आणि सुतार महाग असतात, त्यामुळे हौशी माणसांच्या श्रमाने घराचा खर्च खरोखर कमी होतो. लाकडी चौकटी आणि खिळे हे तिथल्या घराचे तंत्रही शिकाऊ हातांना सोसवणारे आहे. मावळात मात्र रोजंदारीवर उत्तम गवंडी मिळतो. त्याच्या हाताखाली घमेले वाहणारा परदेशी पाहुणा विमानाच्या तिकिटापायी जेवढे मोजतो, तेवढ्यात एखाद्या घराच्या भिंती चढतील. ते पैसे सरळ पाठवले असते तर? हिशेबाने पाहिले, तर हा प्रश्न बिनतोड आहे.

तरीही स्वयंसेवकांना मोडीत काढणे घाईचे होईल. त्यांचे श्रम स्वस्त नसतात, पण त्यांच्यामागून येणारा पैसा खरा असतो. आठवडाभर वाळू चाळून गेलेला बँकवाला पुढची दहा वर्षे देणगी देतो, आपल्या कंपनीला गळ घालतो, चर्चमध्ये उभा राहून बोलतो. महागाईने झिजणारी ती गंगाजळी भरून निघते ती अशा लोकांमुळे. शिवाय स्वतःच्या घरासाठी राबण्याची अट आहेच. अमेरिकेत शाखेनुसार ती साधारण दोनशे ते पाचशे तासांची असते, आणि त्यांतले बरेच तास दुसऱ्यांच्या घरांवर घालावे लागतात. कुटुंब राहायला जाते तेव्हा शेजारच्या चार घरांच्या भिंती त्याने हाताळलेल्या असतात. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायला वाडीतली माणसे एकमेकांकडे जात. ज्याच्या छपरावर आपण चढलो, त्याच्याशी भांडण झाले तरी ते फार काळ टिकत नाही. अमेरिकेच्या अनोळखी उपनगरांत ही ओळख मुद्दाम घडवून आणावी लागते.

घर कोण बांधते, यावर ते घर कसे वापरले जाते हे ठरते. याचा मोठा धडा लातूरने दिला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. देणगीदार संस्था आणि ठेकेदारांनी शहरी वसाहतीसारखे सरळ रेषेतले रस्ते आणि सुटी सुटी घरे उभी केली. माळवदाचे वाडे, गल्लीबोळ, जनावरांचे गोठे, पारावरची बैठक या सगळ्याला त्या आराखड्यात नीटशी जागा नव्हती. ज्या गावांत नुकसान तुलनेने कमी होते, तिथे वेगळी वाट धरली गेली. लोकांच्या खात्यात टप्प्याटप्प्याने पैसे आणि बांधकाम साहित्य दिले गेले आणि सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती-मजबुती घरमालकांनी स्वतःच करून घेतली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. भिंतीला बंधपट्टा कुठे द्यायचा, कोपरा कसा बांधायचा, हे त्या शिकल्या आणि गवंड्याला खडसावून विचारू लागल्या. बाहेरून आलेल्या कितीही उत्साही स्वयंसेवकाला हे जमले नसते. २००१च्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातमध्ये मालकाच्या हातून पुनर्बांधणी हेच मुख्य धोरण ठरले.

पाहुण्या स्वयंसेवकांना पूर्ण वगळून मोठे काम उभे राहिले ते दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे या छोट्या देशात. तिथे १९६८ साली राष्ट्रीय गृहनिर्माण कायदा झाला आणि परस्पर श्रमाच्या सहकारी गृहसंस्थांना सरकारी कर्ज मिळू लागले. १९७० साली त्यांचा ‘फुकवाम’ नावाचा महासंघ झाला. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला २१ तास बांधकामावर द्यायचे, असा शिरस्ता पडला. दिवसभर कारखान्यात राबून आलेली माणसे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी विटा रचत. बायका सुरुवातीपासून बरोबरीने कामावर होत्या. यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद अशी, की कोणते घर कोणाचे हे काम संपेपर्यंत ठरवायचेच नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकायच्या. आपले घर कोणते हेच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक भिंत प्रत्येकाने मनापासून रचली. घराची मालकी संस्थेकडे राहते. कुटुंबाला राहण्याचा हक्क मिळतो, तो मुलांना देता येतो, पण बाजारात घर विकता येत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लष्करी राजवटीने या घरांचे खासगी मालकीत रूपांतर करायचे ठरवले, तेव्हा याच लोकांनी रस्त्यावर सह्यांची मोहीम उघडून तो डाव उधळला.

घर बाजारात विकता येऊ नये, या उरुग्वेच्या तरतुदीत हॅबिटॅटच्या दुखण्यावरचे औषध आहे. फुकट श्रम, बिनव्याजी पैसा आणि देणग्या यांच्या बळावर एक घर स्वस्त झाले. दहा वर्षांनी मालकाने ते बाजारभावाने विकले, तर स्वस्ताई तिथेच संपली. पुढच्या गरीब कुटुंबासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय मोठ्या शहरांत घराच्या किमतीत बांधकामाचा वाटा लहान आणि जमिनीचा मोठा असतो. तिथे हजार हातोडे आणले तरी जमीन स्वस्त होत नाही.

योगायोगाने या प्रश्नावरचा प्रयोगही जॉर्जियाच्या त्याच कोपऱ्यात, कॉइनोनियातले पहिले घर पुरे होत होते त्याच वर्षी सुरू झाला. अमेरिकसच्या दक्षिणेला ली कौंटीत १९६९ साली चार्ल्स शेरॉड आणि ऑल्बनी शहरातल्या नागरी हक्क चळवळीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन केली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून काळ्या कुळांना गोरे जमीनदार हाकलून देत होते. त्यावर यांचे उत्तर होते ५,७०० एकरांहून अधिक जमीन. ती सामाईक मालकीची राहील, कुणा एकाला विकता येणार नाही आणि कुटुंबांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळेल. या कल्पनेचे एक शिल्पकार रॉबर्ट स्वान यांच्यासमोर दोन नमुने होते. एक इस्रायलमधली सामाईक जमीन, आणि दुसरा विनोबा भाव्यांचे ग्रामदान.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदान सुरू झाले. पण दान मिळालेले तुकडे वाटले की ते पुन्हा सावकाराच्या घशात जातात, हे विनोबांच्या लवकर लक्षात आले. म्हणून सुट्या तुकड्यांऐवजी गावाची मालकी, म्हणजे ग्रामदान. रायगडमधल्या गागोद्याच्या या माणसाची ही दुरुस्ती जॉर्जियातल्या काळ्या शेतकऱ्यांनी उचलली. भारतात भूदानाचे पुढे काय झाले हे सर्वांना माहीत आहे. तिकडे न्यू कम्युनिटीजचेही सोपे गेले नाही. राज्याच्या गव्हर्नरने सरकारी निधी अडवला, दुष्काळात शेती खात्याने गोऱ्या शेतकऱ्यांना दिले तसे तातडीचे कर्ज दिले नाही, आणि १९८५ साली सगळी जमीन जप्तीत गेली. वांशिक भेदभावाच्या खटल्यात २००९ साली त्यांना १२ दशलक्ष डॉलर्सची भरपाई मिळाली. त्या पैशातून त्यांनी ऑल्बनीजवळ एक मोठा मळा घेतला. तो एके काळी शेकडो गुलाम बाळगणाऱ्या मालकाचा होता.

शेती गेली तरी कल्पना टिकली, आणि ती घरांच्या कामी आली. ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ या नावाने आज अमेरिकेत दोनशेहून अधिक संस्था चालतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली व्हर्मॉन्टच्या बर्लिंग्टन शहरातली. १९८४ साली महापौर बर्नी सँडर्स यांच्या पालिकेने दोन लाख डॉलर्स देऊन ती सुरू करून दिली. रीत अशी आहे : जमीन ट्रस्टची, घर कुटुंबाचे. जमिनीचा भाडेपट्टा बहुधा ९९ वर्षांचा, भाडे नाममात्र. घर विकायचे झाले, तर मालकाला त्याने भरलेली रक्कम परत मिळते आणि वाढलेल्या किमतीतला ठराविक हिस्सा मिळतो. बर्लिंग्टनमध्ये हा हिस्सा पाव आहे. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ते पुन्हा परवडते. अमेरिकेतल्या हॅबिटॅटच्या कित्येक शाखांनी आता अशा ट्रस्टांशी हातमिळवणी केली आहे. काहींनी स्वतःचेच ट्रस्ट काढले आहेत.

महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४चा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०१३ साली त्याचा आधार घेऊन आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. शहरांत मात्र चित्र उलटे आहे. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती अनेकदा सार्वजनिक जमिनीवरच उभ्या राहतात आणि जमीन सोसायटीला भाडेपट्ट्याने दिली जाते, म्हणजे लँड ट्रस्टची निम्मी अट तिथे आधीच पुरी झालेली असते. घर विकण्यावर काही वर्षांची बंदीही असते. पण मुदत संपल्यावर घर कोणत्या दराने विकायचे, यावर बंधन नाही. ते बाजारभावाने जाते, आणि विकणारे कुटुंब त्या पैशांत मुंबईत दुसरे घर मिळत नाही म्हणून कल्याण-विरारच्या पुढे सरकते.